झाकलेली फेरी

अंधारात कुणीतरी माझी वेणी पकडली.

मी किंचाळले नाही. त्या खोलीत किंचाळायची सोयच नाही. हाताशी काचा असतात, दचकून काही सांडलं तर लवकर सापडत नाही. मी स्टुलावर बसल्या बसल्याच विचारलं, "कोण?"

"सॉरी… सॉरी. मला वाटलं दोरी आहे."

"कसली दोरी?"

"दिव्याची. ओढली की लागतो ना, तशी."

"ती माझी वेणी आहे. ओढलीत तर दिवा नाही पेटणार, मी पेटेन."

मग अगदी नम्र आवाजात, "सोडू?"

"हे विचारायचं असतं?"

वेणी सुटली. एक पाऊल मागे गेल्याचा आवाज आला, आणि लगेच कपाटावर कोपर आपटल्याचा.

"तुम्ही आहात तरी कोण?"

"मी… नीतिमूल्यं," तो आवाज म्हणाला.

अंधाराचा एक फायदा असतो. हसू लपवावं लागत नाही.

मी दिवा लावला. सकाळपासून अंधाराला सरावलेले माझे डोळे एका झटक्यात फुकट गेले, पण समोरचा माणूस बघण्यासारखा होता. एका हातानं कोपर चोळत, दुसऱ्या हातानं टाय सरळ करत तो उभा होता, आणि टाय अधिकच वाकडा होत होता. डोळे असे, की उजेड दिसल्यावर आधी हसतात आणि मग बघतात.

"दारावर लाल दिवा होता," मी म्हटलं.

"होता. मला वाटलं, सुंदर आहे."

आमची संस्था मोजमापं तपासते. दवाखान्यातले थर्मामीटर, दुकानातली वजनं, गाड्यांचे वेगमापक… कुणाच्या मोजण्यावर विश्वास ठेवायचा आणि कुणाच्या नाही, ते आम्ही सांगतो. दरवर्षी नुकती पदवी घेतलेली मुलंमुली इथं कामाला लागतात, आणि उपकरणाला हात लावण्याआधी त्यांना कामातली सचोटी शिकवली जाते. ते शिकवायला या वर्षी नवा माणूस आला होता. सगळे त्याला नीतीसर म्हणत. मला सगळे पाठीमागे घुबड म्हणत. पाठीमागे म्हणजे तोंडावरच, फक्त मी अंधारात असल्यामुळे त्यांना दिसत नसे.

माझं काम असं. इमारतीत वीज गेली, आग लागली, की जिना दाखवणाऱ्या हिरवट चमकत्या पट्ट्या असतात; त्यांचा उजेड माणसाच्या डोळ्याला पुरतो का, हे मी काळ्या भिंतींच्या त्या खोलीत बसून पाहते. आता त्यासाठी यंत्र आलं आहे. यंत्र आकडा देतं. पण घाबरलेल्या माणसाला पायरी दिसेल का, हे आकड्याला कळत नाही, असं माझं म्हणणं. मोठ्या बाईंचं, म्हणजे आमच्या संचालिकांचं, म्हणणं असं की एका घुबडासाठी अख्खी खोली अडवून ठेवता येत नाही.

"मोठ्या बाईंनी खोली बघून यायला सांगितलंय," तो म्हणाला. "वर्गासाठी चालेल का, नाहीतर रिकामी खोकी ठेवायला. काय ते मी लिहून द्यायचं."

"म्हणजे माझी खोली काढून घ्यायला आलात."

"बघायला आलो होतो." त्यानं कोपर पुन्हा चोळलं. "बघणं काही जमलं नाही."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. दार सताड उघडं होतं, तरी त्यानं टकटक केली.

"वेणीची परवानगी घ्यायला आलात?"

"बसायची."

तो एका खोक्यावर बसला. सकाळी त्याचा वर्ग झाला होता. कसा झाला, मी विचारलं.

"उत्तम. कुणी घोरलं नाही."

"एवढा वाईट?"

"अहो, त्यांना सगळी उत्तरं पाठ आहेत! मी विचारतो, आकडा जुळत नसेल तर थोडा फिरवाल का? सगळे एका सुरात, 'नाही सर!' पाढे म्हणावेत तसं. शेवटच्या बाकावर एक चष्मेवाली आहे, ती तर मी प्रश्न विचारायच्या आधीच 'नाही सर' म्हणून मोकळी होते." तो हसला, पण हसू पुरतं पोचलं नाही. "हीच पोरं उद्या थर्मामीटरवर शिक्के मारणार. मला असा प्रश्न हवाय, ज्याचं उत्तर पाठ करता येत नाही."

मी सहसा कुणाला माझा खालचा खण दाखवत नाही. त्या दिवशी उघडला.

आत पितळेच्या छोट्या नळ्या होत्या, अंगठ्याएवढ्या. एका टोकाला भिंग, दुसऱ्या टोकाला बारीकसा पडदा, आणि पडद्यासमोर सुईच्या टोकावर मावेल इतका किरणोत्सारी पदार्थ. त्यातला एखादा अणू फुटतो, त्यातून एक कण सुटतो, पडद्यावर आदळतो आणि ठिणगी पडते. अंधारात, डोळे सरावलेले असले, तर ती ठिणगी माणसाला दिसते.

"पूर्वी शास्त्रज्ञ अंधारात बसून या ठिणग्या मोजायचे," मी सांगितलं. "त्यांचा सगळ्यांत मोठा वैरी कोण होता, माहितीये? त्यांची अपेक्षा. भरपूर दिसायला हव्यात असं मनात धरून बसलं, की भरपूर दिसतात."

"मग?"

"मग झाकलेली फेरी. मोजणाऱ्याला न सांगता नळीत कागदाचा कपटा सरकवायचा. तो कण इतका दुबळा असतो, की साध्या कागदानं अडतो. म्हणजे ठिणगी नाहीच. पण मोजणाऱ्याला ठाऊक नसतं, फेरी उघडी आहे की झाकलेली. त्यानं फक्त दिसलं ते सांगायचं."

तो खोक्यावरून पुढे सरकला. "काहीच दिसलं नाही, तर काहीच नाही म्हणायचं?"

"हो."

"शेजारचे सगळे मोजत असताना?"

"हो."

"बापरे," तो हळूच म्हणाला. नीतिमूल्यं शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून निघालेला तो मला आवडलेला पहिला शब्द. "याचं उत्तर कोण पाठ करणार? …आधी मला दाखवा."

"अर्धा तास अंधारात बसावं लागेल. डोळे सरावायला वेळ लागतो."

"तुमच्याबरोबर?"

"नळीबरोबर. मी जवळपास असेन."

*

दिवा मालवल्यावर त्याच्या हाताला माझी बाही सापडली.

"हे काय?"

"आधार."

"इथं भिंतीही आहेत."

"भिंती थंड असतात हो."

मी बाही सोडवून घेतली नाही. प्रयोगात अडथळा येत नव्हता, एवढंच कारण मी स्वतःला दिलं.

अंधारात माणसं वेगळी बोलतात. चेहरा सांभाळायचा नसतो ना. मी त्याला विचारलं, रोज ऊन कलायच्या आत घाईघाईनं निघता, घरी कुणी वाट बघतं का? तो म्हणाला, "एक कुंडी. तिलाही पाणी घालायचं मी विसरतो." मग त्यानं विचारलं, "तुम्ही का बसता अंधारात?" आणि मी, जी चारचौघांत दोन वाक्यं सलग बोलत नाही, ती बोलत सुटले. कॉलेजात पहिल्यांदा अशा नळीला डोळा लावला, तेव्हा वाटलं, कुणीतरी आभाळाची घडी घालून आत ठेवली आहे. हिरवट चांदण्या. पण आभाळातल्या चांदण्या जागच्या जागी असतात. या तशा नाहीत. एकेक, एकदाच. दिसली, गेली. "यातला एखादा अणू पृथ्वीच्या जन्माआधीपासून तसाच थांबलेला असतो," मी म्हटलं. "त्याला काही होत नाही, काही होत नाही… आणि नेमका तुम्ही बघत असताना तो फुटतो. इतकी वर्षं थांबून. तुमच्या डोळ्यांदेखत! मला अजून सवय झालेली नाही त्याची."

बाहीवरची त्याची पकड थोडी घट्ट झाली.

मी नळी त्याच्या हातात दिली. "दिसतंय?"

बराच वेळ शांतता. इतका वेळ, की मला त्याचा श्वास ऐकू येऊ लागला.

"हो," तो म्हणाला.

"कसं आहे?"

"जणू… आभाळाची घडी. हिरवट चांदण्या. एकेक… एकदाच."

माझेच शब्द होते, पण त्याच्या तोंडून ते किती छान वाटले! जन्मभर एकटीनं बघितलेलं काहीतरी आज दुसऱ्या कुणीतरी पाहिलं होतं. माझे डोळे भरून आले, आणि अंधारात तेही लपवावं लागलं नाही.

त्याच दिवशी निघण्याआधी त्यानं मोठ्या बाईंना शिफारस लिहून दिली. खोली आहे तशी राहू द्यावी, नव्या प्रत्येकाला तिथला अनुभव मिळावा, तो मी स्वतः घेतला आहे. बाईंनी निरोप पाठवला: वर्गाला मी स्वतः बसेन, मग खोलीचं ठरवू.

*

"मीठ दोनदा घातलंयस," आत्या म्हणाली.

मी आत्याकडे राहते. ती निवृत्त नर्स आहे आणि निवृत्त मुळीच झालेली नाही.

"चुकून पडलं."

"कोण आहे?"

"कोण कुठे?"

"हात दे इकडे." तिनं माझं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. "आयुष्यभर लोकांच्या नाड्या मोजल्यात मी. हं. नाव काय त्याचं?"

मी सांगितलं.

आत्यानं मनगट सोडलं नाही. "वाढली," ती म्हणाली.

"आत्या!"

"काय करतो?"

"खरं वागायला शिकवतो."

"अगंबाई!" तिनं ताटातलं सगळं बाजूला सारून पाणी प्यायलं. "मग जपून हो. शिकवणाऱ्याला ते येतंच असं नाही. आम्हाला पोहायला शिकवणारे मास्तर जन्मभर काठावरच उभे होते."

*

तयारीसाठी तो रोज दुपारी येत होता, आणि दिवा मालवला की रोज माझी बाही धरत होता. वर्गाच्या दिवशी खोली पहिल्यांदाच भरली. बाकांवर दाटीवाटीनं नवी मुलंमुली, पुढे खुर्चीत मोठ्या बाई, पाठ ताठ, हात मांडीवर. प्रत्येकाला एक नळी दिली आणि मुठीत मावणारं एक मोजणीचं यंत्र, अंगठ्यानं दाबलं की टक आवाज होतो आणि आकडा एकनं पुढे सरकतो. ठिणगी दिसली की दाबायचं, बस्स.

"सर, तुम्ही पण मोजा ना," चष्मेवाली म्हणाली. "आमचीच परीक्षा का?"

सगळे हसले. त्यानं नळी घेतली. का कोण जाणे, तो हसला नाही.

फेरी कुठली, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही. सकाळी एकटीनं बसून मी प्रत्येक नळीत कागद घातला होता.

दिवा मालवला. तो माझ्या शेजारी उभा होता, पण आज बाही धरली नव्हती. डोळे सरावेपर्यंत कुजबुज, खोकला, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर, तिच्यावर दाबलेलं हसू. मग मी म्हटलं, "सुरू."

बराच वेळ काही नाही.

टक.

पुन्हा शांतता. मग दुसऱ्या बाकावरून टक. लगेच मागून टक, टक. एका बेडकानं तोंड उघडलं की सगळं डबकं जागं होतं, तसं झालं. बघता बघता खोलीभर टकटकाट सुरू झाला. पुढच्या खुर्चीतूनही एक आवाज आला, रुबाबदार, सावकाश. टक. माझ्या शेजारून मात्र काहीच नाही. मी कान देऊन ऐकत राहिले.

दिवा लावून मी प्रत्येकाचा आकडा विचारला. सगळ्यांकडे काही ना काही होतं. चष्मेवालीकडे सगळ्यांत जास्त. तिनं तो असा सांगितला, जणू बक्षीस घ्यायला उठायचं आहे. शेवटी त्याची पाळी आली.

"शून्य," तो म्हणाला.

मी कागदाबद्दल सांगितलं.

चष्मेवालीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मोठ्या बाईंनी आपलं यंत्र हळूच मांडीवर पालथं घातलं. मी म्हटलं, "यात सगळा लबाडपणा नसतो. दाट अंधारात डोळे स्वतःच ठिणग्या तयार करतात. शेजारचा आवाज ऐकला की आणखी करतात. म्हणूनच तर झाकलेली फेरी लागते."

मोठ्या बाई खुर्चीतून वळल्या. "म्हणजे या खोलीत एकच माणूस खरा निघाला. बघा रे मुलांनो. याला म्हणतात सचोटी."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी त्याच्याकडे बघितलं. लपवायला अंधार नव्हता, आणि मला लपवायचंही नव्हतं. एवढ्या टकटकाटात आपला अंगठा स्थिर ठेवणारा माणूस! जे काही माझ्या चेहऱ्यावर होतं, ते त्याला दिसलं.

त्याचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"थांबा," तो म्हणाला. टाळ्या थांबेनात, तेव्हा पुन्हा, मोठ्यानं, "थांबा! हे शून्य सचोटीचं नाही."

टाळ्या वाजवणारे हात हवेतच राहिले.

"मला रातांधळेपणा आहे. जन्मापासून. आणखी वाढणार नाही, कमीही होणार नाही. उजेड मंदावला की मला काहीच दिसत नाही. कागद नसता, तरी माझं शून्यच आलं असतं."

मोठ्या बाईंनी भुवया वर केल्या. "पण शिफारशीत तुम्ही लिहिलंय, अनुभव स्वतः घेतलाय म्हणून."

"ते खोटं आहे." तो बाईंना उत्तर देत होता, पण बघत माझ्याकडे होता. "मला त्या दिवशी काही दिसलं नव्हतं. दिसलं असं मी म्हटलं."

"का?"

मागच्या बाकावर चष्मेवाली शेजारणीच्या कानात म्हणाली, "का ते मला कळलं." तिचं कुजबुजणं नेहमीच साऱ्या खोलीला ऐकू जाई.

"मग ती शिफारस मी धरत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

खोली गेली. आणि खोलीबरोबर ती आभाळाची घडी, जी आम्ही दोघांनी मिळून पाहिली असं मी इतके दिवस समजत होते, ती मी एकटीनंच पाहिली होती. मी नळ्या गोळा करायला हात पुढे केला. दुसरं काय करावं ते सुचेना.

"हे कागद काढता येतात ना?" बाईंनी मला विचारलं.

"येतात, बाई. पण दिवा लावलाय, आता पुन्हा अर्धा तास—"

"बसू. काढा कागद. आणि ती टकटक सगळ्यांनी खाली ठेवा."

पुन्हा अंधार. या वेळी कुणी हसलं नाही, खोकलं नाही. एक मुलगा म्हणाला, "मला अजून काही दिसत नाही." मागून चष्मेवालीचा आवाज आला, अगदी साधा, "मलाही नाही." तिच्याकडून आजवर असं उत्तर कुणी ऐकलं नव्हतं. मग आणखी कुणीतरी म्हणालं, "थांबू या."

ते थांबले. आणि मग पुढच्या खुर्चीतून, आयुष्यात कधी आवाज चढवला नाही की उतरवला नाही अशा त्या बाईंच्या तोंडून, श्वास आत ओढल्यासारखा एकच शब्द आला.

"अगं…"

एकामागून एक बाकं गप्प होत गेली, वेगळ्या तऱ्हेनं गप्प. देवळात शिरल्यावर पोरं आपोआप गप्प होतात, तशी. कुणीतरी नाक ओढलं. कुणीतरी "केवढं…" एवढंच म्हणालं आणि पुढचा शब्द त्याला सापडला नाही. मला नळीची गरज नव्हती. त्यांच्या श्वासांवरून मला ठिणग्या दिसत होत्या.

जाताना मोठ्या बाई दारात थांबल्या. "वर्षभर खोली राहील. पुढच्या तुकडीला मी घेऊन येईन, मग बघू. शिफारस मीच लिहिते. 'स्वतः पाहिलं' असं मी लिहिलं तर चालेल." मग त्याच्याकडे वळून, "तुम्ही उद्या सकाळी माझ्याकडे या. मी रागावणार आहे. नीट ऐकायच्या तयारीनं या."

"हो, बाई."

*

सगळे गेले. तो भिंतीशी उभा राहिला. मी नळ्या पुसत होते, पुसलेल्याच पुन्हा पुसत होते.

"माझेच शब्द मला परत दिलेत," मी म्हटलं.

"हो."

"आणि मी ते घेतले! दिवसभर दुसऱ्यांची उपकरणं तपासते मी. का बोललात खोटं?"

"तुम्ही इतक्या… तुमचा आवाज असा होता, की नाही म्हटलं तर तो विझेल असं वाटलं."

"विझला नसता. मी दुसरा काहीतरी उपाय शोधला असता."

"तुम्ही उपाय शोधणाऱ्या आहात, हे तेव्हा कुठे माहीत होतं? मला फक्त तुमची वेणी माहीत होती."

मला हसायचं नव्हतं. "आणि बाही?"

"आधारच. शपथ."

"रोज?"

"पहिल्या दिवशी नक्की." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "नंतर… भिंत कुठे आहे ते मला पाठ झालं होतं."

मी नळी खाली ठेवली. "आज गप्प राहिला असतात, तर कुणालाही कळलं नसतं. बाईंना नाही, मुलांना नाही. मलाही नाही. मी तर तुमच्याकडे…"

"तेच सहन झालं नाही," तो म्हणाला. "तुम्ही ज्याच्याकडे तसं बघत होतात, तो मी नव्हतो."

अणूचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे. पण अणूला निवड नसते. वेळ भरली की तो फुटतो. या माणसाला निवड होती. टाळ्या वाजत होत्या, खोली वाचत होती, मी त्याची होत होते. आणि भर उजेडात, सगळ्यांदेखत, त्यानं ते सगळं स्वतःच्या हातानं परत केलं होतं. कितीतरी वर्षं मी अंधारात डोळे ताणून बसले, पण इतकं थक्क करणारं काही पाहिलं नव्हतं.

"बसा," मी म्हटलं.

"मला दिसणार नाही."

"माहितीये. बसा. हात द्या. तळवा वर."

मी दार लावलं, दिवा मालवला आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले. त्याचा तळवा माझ्या गुडघ्यावर ठेवला, एका हातानं नळी डोळ्याला लावली, दुसरा मोकळा ठेवला. डोळे सरावेपर्यंत आम्ही तसेच बसलो. त्याचा हात आधी ताठ होता. मग सैल झाला, जड झाला, माझ्या गुडघ्यावर नीट विसावला.

पहिली ठिणगी पडली, तशी मी बोटाचं टोक त्याच्या तळव्यावर टेकवलं. हलकंच. जिथं पडली तिथं.

त्याचा श्वास अडला.

दुसरी करंगळीखाली. तिसरी अगदी मधोमध. मग दोन एकदम, एवढ्या जवळ की माझं बोट उचललंच गेलं नाही.

"ही… ही ती?"

"हं."

"प्रत्येक वेळी एक अणू?"

"एकेक. एकदाच."

मग बराच वेळ काही नाही. तो थांबला, थांबला, मग न राहवून, "आता?"

"आता काही नाही."

"बरं." त्याच्या आवाजात एवढा मान होता, जणू ते 'काही नाही' सुद्धा मी त्याच्या हातावर ठेवलं होतं.

ठिणगी आली. मग आणखी एक, मनगटाशी. "कुणाच्या सांगण्यावरून येत नाहीत त्या," तो कुजबुजला. "कशाही. केव्हाही. बापरे… हे इतके दिवस तुम्ही एकट्या बघत होतात?"

नळीत अंधार होता, लांबलचक, स्वच्छ अंधार. मी त्याच्या तळव्यावर बोट टेकवलं. आणि या वेळी उचललं नाही.

"ही वेगळी होती," तो म्हणाला.

"ही नळीतली नव्हती."

"मग?"

"माझी," मी म्हटलं. "मोजू नकोस."

त्याची बोटं हळूहळू मिटली, माझ्या बोटासकट.

"मोजली," तो म्हणाला.